अठ्ठावीस तासांचा आठवडा : जपानमधील परदेशी विद्यार्थ्याचे जीवन

जपानमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या खिशात सदैव एक कार्ड असते. त्याला 'झाइर्यू कार्ड' म्हणजे निवासपत्र म्हणतात. दर्शनी बाजूस नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, 'विद्यार्थी' हा निवासाचा दर्जा आणि काम करण्यास मनाई असल्याची नोंद असते. कार्ड उलटले की मागील बाजूस तळाशी दुसरी नोंद दिसते : तत्त्वतः आठवड्यास २८ तासांच्या आत काम करण्यास परवानगी. पुढून नकार आणि मागून मोजूनमापून दिलेला होकार अशा या कार्डावर विद्यार्थ्याचे जपानमधील सारे वास्तव्य तोललेले असते. ते घरी विसरून बाहेर पडणे हादेखील गुन्हा असून त्यासाठी दोन लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो.

परदेशी विद्यार्थ्यांना बोलावण्याचे धोरण जपान सरकारने प्रथम १९८३ साली, यासुहिरो नाकासोने पंतप्रधान असताना, आकड्यात मांडले. शतकाच्या अखेरीपर्यंत एक लाख विद्यार्थी हे तेव्हाचे उद्दिष्ट २००३ साली पुरे झाले. २००८ साली तीन लाखांची योजना आली आणि २०१९ साली संख्या तीन लाख बारा हजारांवर गेली. २०२३ साली सरकारने पुढचा टप्पा ठरवला : २०३३ पर्यंत चार लाख. मे २०२४ मधील अधिकृत गणतीनुसार जपानमध्ये सुमारे तीन लाख ३७ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांत चिनी सर्वाधिक, त्याखालोखाल नेपाळी आणि मग व्हिएतनामी. भारतीयांची संख्या त्या मानाने अगदीच अल्प आहे.

या आकड्यांमागे दोन गरजा आहेत. जननदर घटल्याने विद्यापीठांतील जागा रिकाम्या राहू लागल्या आहेत, आणि त्याच कारणाने दुकाने, उपाहारगृहे, गोदामे व कारखाने यांना माणसे मिळेनाशी झाली आहेत. पहिली गरज सरकार उघडपणे बोलून दाखवते. दुसरी गरज कार्डाच्या मागच्या बाजूवरील त्या २८ तासांतून भागवली जाते.

दोन प्रकारचे विद्यार्थी

'जपानमधील परदेशी विद्यार्थी' या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न आयुष्ये वावरत असतात. एक शिष्यवृत्तीधारकाचे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती १९५४ पासून दिली जाते. पदवीच्या विद्यार्थ्यास दरमहा एक लाख १७ हजार, तर पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यास एक लाख ४३ ते ४५ हजार येन मिळतात. शुल्क माफ असते व विमानभाडेही मिळते. रक्कम डोळे दिपवणारी नसली तरी साधेपणाने राहणाऱ्यास पुरते. भारतातून संशोधनासाठी जाणाऱ्यांपैकी अनेकजण या किंवा अशाच एखाद्या शिष्यवृत्तीवर जातात, आणि परतल्यावर त्यांनी सांगितलेला जपान हाच आपल्याकडे परिचित असतो.

दुसरे आयुष्य स्वखर्चाने जाणाऱ्याचे, आणि संख्येने हेच फार मोठे आहेत. त्यांतील बहुतेकांचा प्रवास भाषाशाळेतून सुरू होतो. तेथे जास्तीत जास्त दोन वर्षे शिकता येते. त्यानंतर विद्यापीठ किंवा व्यवसायशाळा गाठावी लागते, नाही तर परतावे लागते. भाषाशाळेचे वर्षाचे शुल्क सर्वसाधारणपणे सात ते नऊ लाख येन असते. राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित शुल्क वर्षाला पाच लाख ३५ हजार ८०० येन आणि प्रवेशशुल्क दोन लाख ८२ हजार येन आहे. अपवाद आहेत : टोकियो विद्यापीठाने एप्रिल २०२५ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी ते सहा लाख ४२ हजार ९६० येनांवर नेले. म्हणजे भाषा शिकवणारी शाळा बहुतेकदा विद्यापीठापेक्षा महाग पडते. ही गोष्ट अनेकांना निघण्यापूर्वी कुणी सांगितलेली नसते.

पहिले पंधरा दिवस

टोकियो, ओसाका किंवा नागोयाच्या मोठ्या विमानतळावर उतरताच निवासपत्र हाती पडते. अर्ज दिल्यास कामाची परवानगीही तेथेच मिळते. मात्र पत्त्याच्या रकान्यात 'अद्याप ठरलेला नाही' असे छापलेले असते. राहायला जागा मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत विद्यार्थ्याने प्रभाग किंवा नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा आणि तो कार्डाच्या मागील बाजूस उतरवून घ्यायचा. ही पद्धत जुलै २०१२ पासूनची; त्यापूर्वी 'परकीय नोंदणी' नावाची वेगळी व्यवस्था होती.

त्याच खेपेस राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालावे लागते. विमा ऐच्छिक नाही. त्याचा लाभही तसाच भरघोस : दवाखान्याच्या खर्चापैकी ७० टक्के विमा उचलतो, ३० टक्के रुग्णाने द्यायचे. उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याचा हप्ता बराच कमी होतो, परंतु त्यासाठी उत्पन्न नसल्याचे निवेदन द्यावे लागते. वय २० वर्षे पूर्ण असल्यास राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतही नोंद होते. सवलतीचा अर्ज करता येतो. तो केला नाही तर हप्त्याची पत्रे घरी येत राहतात आणि जपानी न वाचता येणारा विद्यार्थी ती जाहिराती समजून टाकून देतो. या चुकीची किंमत काही वर्षांनी, निवासाचा दर्जा बदलताना, मोजावी लागते.

मराठी विद्यार्थ्याला या कार्यालयांत एक खास अडचण येते ती नावाची. पारपत्रावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी लांबलचक मालिका असते. ती कातकाना लिपीत उतरवायची म्हणजे उच्चारांची ओढाताण आली. जपानीत 'ळ' नाही, 'ल' आणि 'र' यांत भेद नाही, 'व' चा बहुधा 'ब' होतो आणि बहुतेक व्यंजनांना स्वर जोडावाच लागतो. एकाच नावाची तीन-चार कातकाना रूपे सहज संभवतात. बँकेत एक रूप दिले, कामाच्या ठिकाणी दुसरे, तर पगार खात्यात जमा होत नाही, कारण रक्कम पाठवताना कातकानातील नाव अक्षरशः जुळावे लागते. पहिल्या दिवशी जे रूप ठरले तेच कागदावर लिहून जवळ बाळगावे, असे जुने विद्यार्थी नव्यांना बजावतात.

यापुढे एक चक्र सुरू होते. दूरध्वनी घ्यायला बँकेचे खाते हवे, बँकेला दूरध्वनी क्रमांक हवा, घरमालकाला दोन्ही हवेत. शिवाय काही बँका देशात सहा महिने वास्तव्य झाल्याखेरीज परदेशी व्यक्तीस पूर्ण सोयींचे खाते देत नाहीत. म्हणून बहुसंख्य विद्यार्थी सुरुवातीस टपाल बँकेकडे वळतात. खात्यासाठी पूर्वी स्वाक्षरीऐवजी 'हांको' म्हणजे नावाचा शिक्का कोरून घ्यावा लागे. २०२० नंतर सरकारी कागदांवरील शिक्क्यांची सक्ती मोठ्या प्रमाणावर उठली, तरी चार कातकाना अक्षरांचा तो लहानसा शिक्का अनेक विद्यार्थी अजूनही करून घेतात.

जामीनदाराच्या शोधात

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर पहिले वर्ष सुखाचे जाते. पण अनेक ठिकाणी तेथील मुक्काम सहा महिने किंवा वर्षापुरता असतो. मग खासगी भाड्याची खोली शोधावी लागते आणि जपानी समाजाशी खरा परिचय तेथे होतो.

मुंबईकरांना पागडी आणि अनामत रक्कम हे दोन्ही प्रकार ठाऊक असतात. जपानमध्ये त्यांची भावंडे आहेत. 'शिकिकिन' ही अनामत. खोली सोडताना दुरुस्तीचा खर्च वजा करून परत मिळते. 'रेइकिन' म्हणजे घरमालकास कृतज्ञतेपोटी द्यायचे पैसे. ते परत मिळत नाहीत. त्यावर दलालाचे शुल्क, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे आणि जामीन कंपनीची रक्कम. ५० हजार येन भाड्याच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी दोन-अडीच लाख येन हाती असावे लागतात. रेइकिन न घेणारे मालक आता वाढले आहेत, पण जामीनदाराची अट मात्र सुटत नाही. पूर्वी हा भार बहुधा प्राध्यापक उचलत. आज जामीन कंपन्या उचलतात आणि काही विद्यापीठे स्वतःही हमी देतात.

इतके सारे करूनही 'परदेशी व्यक्तीस जागा देत नाही' हे उत्तर ऐकावे लागते. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागील पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. नकार उद्धटपणे दिला जात नाही. दलाल विद्यार्थ्यासमोरच मालकाला दूरध्वनी करतो, पलीकडचे बोलणे ऐकतो, वाकून क्षमा मागतो आणि पुढचा कागद काढतो. पुण्या-मुंबईत आडनाव पाहून जागा नाकारली गेलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. फक्त येथे तो अधिक शिष्टाचाराने येतो.

खोली मिळते ती बहुधा सहा 'ज्यो'ची, म्हणजे सहा तातामी चटयांएवढी, साधारण दहा चौरस मीटर. ती रिकामी असते, आणि रिकामी या शब्दाचा अर्थ येथे शब्दशः घ्यावा लागतो : छताला दिवा नसतो, ओट्यावर शेगडी नसते, खिडकीला पडदा नसतो. वीज व पाणी दूरध्वनीवरून सुरू होते, पण गॅससाठी कंपनीचा माणूस घरी येतो आणि त्या वेळी भाडेकरूने हजर राहावे लागते. घरात मध्यवर्ती उष्णतेची सोय होक्काइदोसारख्या थंड प्रदेशाबाहेर सहसा नसते. जानेवारीत टोकियोच्या खोलीत तोंडातून वाफ निघते आणि ऑगस्टमधील दमट उकाडा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो.

खोलीइतकेच महत्त्व कचऱ्याला आहे, असे म्हटले तर ते विनोदाने घेऊ नये. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिकचा, बाटल्या-डब्यांचा, कागदाचा असे कचऱ्याचे प्रकार असतात. प्रत्येकाचा वार ठरलेला आणि नियम गावागणिक निराळे. अनेक शहरांत पिशवी आतले दिसेल अशीच लागते. पिशवी सकाळी, साधारण आठच्या आत ठेवायची. आदल्या रात्री नव्हे. चुकीची पिशवी तशीच मागे राहते आणि तिच्यावर कारण सांगणारी चिठ्ठी चिकटते. शेजारी समोर येऊन बोलत नाहीत, ते मालकाला कळवतात. रात्री दहानंतर दूरध्वनीवर मोठ्याने बोलणे हीही नित्याची तक्रार. भारताची वेळ साडेतीन तास मागे असल्याने घरचे लोक जेवणे आटोपून बोलायला बसतात तेव्हा जपानमध्ये मध्यरात्र झालेली असते, आणि भिंती पातळ असतात.

ताटातील प्रश्न

मांसाहार करणाऱ्यास विद्यापीठाचे भोजनालय हा मोठा आधार. भात, सूप, भाजी आणि एखादा मुख्य पदार्थ तेथे स्वस्तात मिळतो. सायंकाळी उशिरा बाजारात गेल्यास तयार पदार्थांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागलेली असते. ती कोणत्या दुकानात किती वाजता लागते हे ज्ञान विद्यार्थी एकमेकांस वारशाने देतात.

शाकाहारी विद्यार्थ्याची मात्र कसोटी लागते. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' हे पाणी आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून बनते. त्यामुळे सोयाबीनचे मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल यांत मासा डोळ्यांना न दिसता असतोच. तयार करीच्या वड्यांत प्राण्यांची चरबी असू शकते. 'मांस नको' असे सांगितल्यास वाढणारा मासे किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे देतो, आणि त्यात त्याचा दुष्टावा नसतो. 'निकु' या शब्दाने त्याच्या मनात मांसाचा मोठा तुकडा येतो. म्हणून काय खात नाही याची जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवणे उत्तम. बहुतेक शाकाहारी विद्यार्थी शेवटी घरी कुकर लावतात. टोकियोत शिन-ओकुबोच्या गल्ल्यांत आणि एदोगावा प्रभागातील निशी-कासाइ भागात डाळी, पीठ, मसाले मिळतात. निशी-कासाइ हे २००० नंतर आलेल्या भारतीय संगणक अभियंत्यांमुळे भारतीय वस्तीचे ठिकाण झाले. याच एदोगावाच्या प्रभाग परिषदेवर २०१९ साली निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे महाराष्ट्रातील असून जपानमध्ये प्रथम विद्यार्थी म्हणूनच आले होते. टोकियोतील मराठी मंडळाचा गणेशोत्सव अनेक विद्यार्थ्यांसाठी वर्षातले एकमेव मराठी जेवण ठरतो. लहान शहरांतील विद्यापीठांत शिकणाऱ्यांना एवढेही लाभत नाही; त्यांचा किराणा टपालाने येतो.

संशोधनगट आणि भाषा

पदव्युत्तर विद्यार्थ्याचे जग म्हणजे 'केन्क्यूशित्सु', एका प्राध्यापकाभोवती उभा असलेला संशोधनगट. त्यात प्रत्येकास स्वतःचे टेबल मिळते आणि विद्यार्थी दिवसाचा बहुतांश वेळ तेथेच काढतो. आधी आलेला तो 'सेम्पाइ', नंतरचा 'कोहाइ'. ज्येष्ठता वयाने नव्हे तर प्रवेशाच्या वर्षाने ठरते. नव्या विद्यार्थ्यास प्रभाग कार्यालयात नेणे, खोलीचा करार वाचून दाखवणे ही कामे हे सेम्पाइ बिनबोभाट करतात. उलटपक्षी प्राध्यापक उठण्यापूर्वी घरी जायला कुणी धजावत नाही, अशाही प्रयोगशाळा आहेत. गट चांगला मिळाला तर जपान चांगला, अन्यथा सारीच वर्षे खडतर. प्रवेशापूर्वी त्या गटातील जुन्या परदेशी विद्यार्थ्याशी पत्रव्यवहार करणे हे विद्यापीठाचे मानांकन पाहण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम २००८ नंतर वाढले, पण वर्गाबाहेरचे जीवन जपानीतच चालते. मराठी माणसाला या भाषेचे व्याकरण त्या मानाने जवळचे वाटते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि 'ने', 'ला', 'त' यांप्रमाणे संबंध दाखवणारे शब्द नामानंतर जोडले जातात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा अनेक दशकांची आहे ती काही उगाच नव्हे. अडते ते चित्रलिपीत. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २१३६ कांजी आहेत. प्रावीण्य परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत खालची एन-५ आणि सर्वांत वरची एन-१. साधी अर्धवेळ कामे एन-३ च्या आसपास मिळू लागतात; कचेरीतील नोकरीसाठी बहुधा एन-२ मागतात.

ताशी मोबदला आणि आठवड्याचा हिशेब

अर्धवेळ कामास जपानीत 'आरुबाइतो' म्हणतात. शब्द जर्मन भाषेतून आला आहे. बोलण्यात त्याचे 'बाइतो' झाले. छापील नमुन्यावर हाताने लिहिलेली माहिती, वर चिकटवलेले छायाचित्र आणि दहा मिनिटांची मुलाखत एवढ्यावर काम मिळते. 'कोम्बिनी' म्हणजे चोवीस तास उघडी दुकाने, उपाहारगृहे, जेवणाचे डबे भरणारे कारखाने आणि पार्सल छाटणारी गोदामे ही नेहमीची ठिकाणे. भाषा जितकी कच्ची तितके काम ग्राहकापासून दूर आणि रात्रीचे. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेस कायद्याने २५ टक्के अधिक मोबदला मिळतो, त्यामुळे रात्रपाळीस विद्यार्थी नाखूष नसतात. भाषाशाळा सकाळ-दुपार अशा अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांत चालतात. सकाळच्या तुकडीत मागच्या बाकांवर डुलक्या घेणारा विद्यार्थी पहाटेपर्यंत कुठे होता, हे शिक्षकांना न विचारता कळते.

नियम दिसतो तितका सैल नाही. आठवड्यास २८ तास ही मर्यादा कोणत्याही वारापासून मोजली तरी पाळली गेली पाहिजे. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास मिळून २८. शाळेच्या दीर्घ सुटीत दिवसाला आठ तासांपर्यंत काम करता येते. मद्यगृहे व तत्सम करमणुकीच्या धंद्यांत काम करण्यास पूर्ण मनाई आहे. तेथे भांडी घासणेही चालत नाही. शिक्षण संपले किंवा सोडले की कार्डावरील मुदत शिल्लक असली तरी कामाची परवानगी संपते. कारणाशिवाय तीन महिने शिक्षण थांबले तर निवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो.

आता हिशेब मांडून पाहावा. टोकियोतील किमान मोबदला ऑक्टोबर २०२४ मध्ये ताशी १,१६३ येन ठरला. त्या दराने २८ तासांचे चार आठवडे म्हणजे महिन्यास सुमारे एक लाख ३० हजार येन. सामायिक खोलीचे भाडे ४० हजार, काटकसरीचे जेवण ३० हजार, वीज-पाणी-दूरध्वनी-प्रवास-विमा मिळून २५ हजार धरले तर उरतात ३५ हजार. भाषाशाळेचे वार्षिक आठ लाखांचे शुल्क महिन्यास सुमारे ६७ हजार येते. दरमहा ३० हजारांहून अधिक तूट पडते, आणि घरून निघताना काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यात धरलेलाच नाही. 'तेथे काम करून शुल्कही भरता येते, घरीही पैसे पाठवता येतात' असे सांगणारा दलाल हे गणित मांडत नाही. नेपाळ व व्हिएतनाममधील हजारो कुटुंबांनी अशा बोलण्यावर जमीन गहाण टाकली आहे.

तूट भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसरे काम धरणे. दोन दुकानांचे मालक एकमेकांस ओळखत नाहीत, त्यामुळे काही काळ कुणाला पत्ता लागत नाही. परंतु दोन्ही मालक दिलेल्या पगाराची माहिती नगर कार्यालयाला कळवतात आणि तेथे ती एकाच नावापुढे जमा होते. पुढे विद्यार्थी नोकरीच्या व्हिसासाठी किंवा मुदतवाढीसाठी अर्ज करतो तेव्हा त्याला कराचा दाखला जोडावा लागू शकतो. वर्षाचे उत्पन्न २८ तासांत मावत नाही हे त्या एका कागदावरून उघड होते. पदवी हाती, नोकरीचे पत्र हाती आणि अर्ज नामंजूर, असा प्रसंग मग ओढवतो. शिक्षा गुन्ह्यानंतर दोन-तीन वर्षांनी, सर्व काही सुरळीत झाले असे वाटत असताना येते, हे या नियमाचे सर्वांत कठोर अंग आहे. त्यातही ज्या दुकानांना रात्रपाळीस दुसरे कुणी मिळत नव्हते त्यांनी जादा तास आग्रहाने दिलेले असतात. कायद्याने मालकही दोषी ठरतो. देश मात्र सोडावा लागतो तो विद्यार्थ्यालाच.

शाळा आणि विद्यापीठेही या व्यवहारात निर्दोष नाहीत. टोकियोतील एका खासगी विद्यापीठातून तीन वर्षांत सुमारे १६०० परदेशी विद्यार्थी ठावठिकाणा न लागता नाहीसे झाल्याचे २०१९ साली सरकारी चौकशीत आढळले. नाव विद्यार्थ्याचे, शुल्क संस्थेचे आणि श्रम बाजाराचे, अशी ती वाटणी होती. एप्रिल २०२४ पासून भाषाशाळांना शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यायला लावणारा नवा कायदा लागू झाला. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याने शाळा या कायद्याखाली मान्यताप्राप्त आहे काय, तिचे किती विद्यार्थी विद्यापीठांत जातात आणि हजेरीचे प्रमाण काय, एवढे तरी विचारून घ्यावे. मुदतवाढ देताना हजेरी पाहिली जाते.

सायकल, भूकंप आणि बंद दारे

सायकल हे विद्यार्थ्याचे मुख्य वाहन. तिची पोलिसांकडील चोरी-प्रतिबंधक नोंदणी दुकानातच होते. परतणारा मित्र आपली सायकल भेट देऊन जातो, पण नोंदणी त्याच्याच नावावर राहिली तर रात्रीच्या तपासणीत नवा मालक चोर ठरता ठरता वाचतो. म्हणून नाव बदलून घ्यावे लागते. टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलचा विमाही सक्तीचा आहे.

भूकंपाची सूचना दूरध्वनीवर कर्कश आवाजाने येते. बहुतेक धक्के किरकोळ असतात. जवळचे आश्रयस्थान कोणते (बहुधा एखादी शाळा), आपत्तीत निरोप ठेवण्याचा १७१ हा क्रमांक, पोलिसांचा ११०, रुग्णवाहिका व अग्निशमनाचा ११९, हे प्रत्येक विद्यार्थ्यास आल्याआल्या शिकवले जाते. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अनेक परदेशी विद्यार्थी घाईने मायदेशी गेले. त्या वेळी परतीची परवानगी आधी काढून ठेवावी लागे, आणि ती न घेता गेलेल्यांचा निवासाचा दर्जा संपुष्टात आला. २०१२ च्या बदलांनंतर वर्षाच्या आत परतणाऱ्याने विमानतळावरील पत्रकात एका चौकटीत खूण केली तरी पुरते. खूण विसरणारे आजही भेटतात.

करोनाच्या साथीत दारे दुसऱ्या बाजूने बंद झाली. २०२० च्या वसंतापासून मार्च २०२२ पर्यंत, मधले काही काळ वगळता, नव्या विद्यार्थ्यांना जपानमध्ये प्रवेश नव्हता. पात्रतेचा दाखला हाती असलेले सुमारे दीड लाख विद्यार्थी आपापल्या देशांत खोळंबून राहिले आणि जपानी वेळेनुसार चालणारे वर्ग आपल्याकडे पहाटे उठून संगणकावर पाहत राहिले. काहींनी तो नाद सोडून दक्षिण कोरिया किंवा युरोप गाठला. जपानमध्ये आधीच असलेल्यांची उपाहारगृहांतील कामे बंद झाली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी त्यांना तांदूळ व डबाबंद अन्न वाटले.

शिक्षणानंतर

जपानमध्येच नोकरी करू इच्छिणाऱ्याला शेवटच्या वर्षाच्या आधीपासूनच तयारीस लागावे लागते. पदवी हाती आल्यावर शोध सुरू करणारा मागे पडतो. काळा सूट, सारख्या नमुन्याचे अर्ज आणि मुलाखतींच्या अनेक फेऱ्या या प्रकारास 'शुकात्सु' म्हणतात. पदवीनंतरही नोकरी न मिळाल्यास विद्यापीठाच्या शिफारशीने निवासाचा दर्जा बदलून आणखी वर्षभरापर्यंत शोध घेता येतो. एन-१ पातळीचे जपानी येणाऱ्या पदवीधरांना २०१९ पासून दुकाने, हॉटेले यांसारख्या सेवाक्षेत्रांतही पूर्णवेळ काम करण्याची वाट खुली झाली.

परतणाऱ्याची कामेही थोडी नाहीत. खोली मोकळी करताना मोठे सामान नेण्यासाठी पालिकेकडे आगाऊ वेळ घ्यावी लागते आणि प्रत्येक वस्तूसाठी पैसे भरून चिठ्ठी चिकटवावी लागते. नगर कार्यालयात निर्गमनाची नोंद होते, विमा संपतो, गॅसचा माणूस पुन्हा एकदा येतो. बँकेचे खाते बंद करणे मात्र अनेकजण टाळतात, आणि येथेच शेवटचा धोका आहे. 'खाते आणि कार्ड आम्हाला द्या, काही हजार येन देतो' असे सांगणारे लोक परतणाऱ्या विद्यार्थ्यांना गाठतात. अशी खाती फसवणुकीच्या टोळ्या वापरतात. खाते विकणे हा गुन्हा असून त्यासाठी अटक झालेले विद्यार्थी आहेत.

कायमचे निघणाऱ्याने विमानतळावर निवासपत्र दाखवायचे असते. अधिकारी त्याला एक भोक पाडतो आणि कार्ड परत देतो.